घरोघर गेलेली संस्था : गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनचा इतिहास, हिंगोलीतून पाहिलेला

१९५१ साली विदर्भात कुष्ठरोगाची दोन कामे सुरू झाली. दोन्ही ठिकाणे एकमेकांपासून शंभर किलोमीटरच्या आत. वरोऱ्याजवळच्या माळरानावर बाबा आमटे सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये घेऊन राहायला गेले आणि आनंदवन उभे राहिले. ही गोष्ट महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्याच वर्षी वर्ध्यात गांधी स्मारक निधीच्या पैशातून गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन स्थापन झाले. त्याची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. सहल नेऊन दाखवावे असे तिथे फारसे काही नाही, हे त्याचे एक कारण असावे. या संस्थेने जे घडवले ते सरकारच्या कार्यपद्धतीत असे मुरले, की ते कुणी घडवले हे आता कार्यपद्धती राबवणाऱ्यांनाही सांगता येत नाही.

हिंगोलीच्या स्मरणिकेत वर्ध्याचा इतिहास कशासाठी, असे कुणी विचारील. कळमनुरीच्या एखाद्या पाड्यावर किंवा सेनगावच्या एखाद्या तांड्यावर गावची आरोग्य कार्यकर्ती आशाताई दारात उभी राहते, 'अंगावर कुठं चट्टा हाय का, बधिर वाटतं का' असे विचारते आणि तपासणी झाल्यावर दारावर खडूने खूण करून पुढच्या घरी जाते. या साध्या प्रसंगाच्या मागे सत्तर वर्षांचा विचार आहे. तो विचार वर्ध्यात घडला. आपल्या जिल्ह्यात आरोग्याची, दिव्यांगांची, माणसाला माणसात ठेवण्याची जी जी मोहीम घरोघर जाते, तिच्या पूर्वजांची ओळख करून घ्यायची तर सुरुवात वर्ध्यापासूनच करावी लागते.

त्याआधीचे चित्र थोडक्यात सांगतो. कुष्ठरुग्णाला घरातून काढायचे, गावाबाहेर ठेवायचे, आणि फारच दया आली तर एखाद्या आश्रमात पोचवायचे, ही रीत. मुंबईत माटुंग्याला १८९० साली बेघर कुष्ठरुग्णांसाठी जी वसाहत उभी राहिली, ती पालिका आयुक्त अॅक्वर्थ यांच्या पुढाकाराने. रस्त्यावरच्या रुग्णाला छप्पर मिळाले हे खरे, पण ते छप्पर शहराच्या नजरेआड होते. १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा तर रुग्णांना वेगळे ठेवण्यासाठीच केलेला.

आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. हैदराबाद संस्थानात कुष्ठरोगासाठी मोठे नाव होते ते निजामाबादजवळच्या डिचपल्लीचे. इझाबेल कर या स्कॉटिश डॉक्टर बाईंनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तिथे रुग्णालय उभे केले आणि त्यासाठी नरसा गौड नावाच्या स्थानिक धनिकाने मोठी देणगी दिली. हिंगोलीहून पूर्णा, पूर्णेहून नांदेड, तिथून निजामाबादमार्गे रेल्वेनेच डिचपल्ली गाठता येई. पण कुष्ठरुग्णाने रेल्वेच्या डब्यात बसायचे कसे, हा प्रश्न रुग्णालयाच्या खाटांपेक्षा मोठा होता. तो रुग्णालयाने सुटणारा नव्हता.

वर्ध्याला हा प्रश्न भिडला तो दोन बाजूंनी. १९३६ साली विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम काढले. मग सेवाग्रामला परचुरे शास्त्री आले. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या सोबत राहिलेले हे संस्कृत पंडित. कुष्ठरोगाने पोखरलेले शरीर घेऊन १९३९ मध्ये ते आश्रमाच्या दारात उभे राहिले. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ जागा दिली आणि स्वतः त्यांच्या जखमा धुतल्या, अंगाला मालिश केली. पुढे दत्तपूरलाच १९४५ मध्ये शास्त्रीबुवा वारले. त्या मालिशीचे छायाचित्र अजूनही कुष्ठरोगाच्या पोस्टरवर दिसते. गांधीजींनी रचनात्मक कार्यक्रमाच्या यादीतही कुष्ठरुग्णांच्या सेवेची भर घातली.

या छायाचित्राबद्दल मला थोडे बोलायचे आहे. त्याने देशाला हलवले, यात शंका नाही. पण ते पाहणाऱ्या गावकऱ्याच्या मनात काय उतरते? महात्म्याने केले, म्हणजे ते महात्म्याचेच काम. आपण हात जोडावेत आणि पुढे जावे. सेवेचा आदर्श जितका उंच, तितकी सामान्य माणसाची त्यातून सुटका सोपी. वर्ध्याच्या नव्या संस्थेपुढचा खरा पेच हा होता, की मॅट्रिक झालेल्या, महिन्याच्या पगारावर काम करणाऱ्या, सायकलवरून फिरणाऱ्या तरुणाला जमेल असे काम उभे करायचे. कुणाच्या त्यागावर न विसंबणारे.

गांधीजींच्या हत्येनंतर देशभरातून जमलेल्या स्मारक निधीतून काय काय करायचे याचा विचार चालला, तेव्हा कुष्ठरोगाचे काम त्यात येणे साहजिक होते. १९४७ च्या अखेरीस वर्ध्यातच कुष्ठकार्यकर्त्यांची अखिल भारतीय परिषद भरली होती, वातावरण तयार होते. निधीपुढे सोपी वाट होती, गांधीजींच्या नावाने एक भव्य कुष्ठाश्रम बांधायची. कोनशिला बसली असती, उद्घाटने झाली असती. संस्थेचे काम उभारणारे डॉ. रा. वि. वर्देकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा मोह टाळला, हे या संस्थेच्या इतिहासातले मला सर्वांत मोठे काम वाटते. टाळण्यामागे भावनेपेक्षा हिशेब अधिक होता. रुग्ण लाखोंनी, खाटा काही हजार. कितीही आश्रम बांधले तरी पुरणार नाहीत, आणि आश्रम बांधला की 'यांची जागा तिकडे' हे गावाला आयतेच सांगून टाकल्यासारखे होते.

त्या सुमारास हातात एक नवे हत्यारही आले होते. डॅप्सोन. त्याआधी चालमोगरा जातीच्या तेलाची इंजेक्शने देत, ती दुखत आणि गुण बेताचाच. डॅप्सोनची गोळी स्वस्त होती, तोंडाने घ्यायची होती, घरी बसून घेता येत होती. आजार घरी बरा होणार असेल तर माणसाला घराबाहेर काढायचे कारणच उरत नाही. हा तर्क आज साधा वाटतो. पन्नासच्या दशकात तो रूढीच्या थेट विरोधात जाणारा होता.

त्यातून जी पद्धत निघाली तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'सेट' म्हणतात : आधी सर्वेक्षण, मग शिक्षण, मग उपचार. सेवाग्रामच्या परिसरात ती सुरू झाली आणि म्हैसूरकडचे टी. नरसीपूर, आंध्रातले चिलकलपल्ली अशा दूरदूरच्या केंद्रांवर तीच राबवली गेली. एका कार्यकर्त्याकडे वीस-पंचवीस हजार वस्ती. त्यातले प्रत्येक घर, घरातले प्रत्येक माणूस त्याने पाहायचे.

सर्वेक्षण आधी का, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. कुष्ठरोगाचा पहिला चट्टा दुखत नाही. खाजत नाही. ताप नाही, खोकला नाही. अंगावर फिकट किंवा लालसर डाग पडतो, तिथली जाणीव हळूहळू जाते, घाम येईनासा होतो, एवढेच. दुखले तर माणूस दवाखान्यात जातो, न दुखणाऱ्या गोष्टीसाठी रोजगार कोण बुडवील? आणि जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीसही. तक्रारच नसलेला रुग्ण आपल्या पायाने कधी येणार नाही, म्हणून आपणच त्याच्या दारात गेले पाहिजे. दवाखान्याच्या नेहमीच्या चालीरीतीच्या हे अगदी उलटे होते.

तपासणी करायला यंत्र लागत नव्हते. लागत होता सूर्यप्रकाश. अंगातला सदरा काढायला सांगायचे, पाठ, दंड, मांड्या उजेडात पाहायच्या. डाग दिसला तर माणसाला डोळे मिटायला लावून कापसाच्या बोळ्याने किंवा पिसाने हलकेच स्पर्श करायचा आणि कुठे लागले ते बोटाने दाखवायला सांगायचे. पुढे बॉलपेनचे टोक हेच हत्यार झाले. कोपराच्या मागची नस चाचपून ती जाड झाली आहे का पाहायचे. कानाच्या पाळीला बारीक छेद देऊन नमुना काचपट्टीवर घ्यायचा. शाळेत जाऊन पोरांना रांगेत उभे करायचे. सगळे सोपे, आणि सगळेच अवघड, कारण परक्या पुरुषापुढे बाईने पाठ उघडी करायची कशी? स्त्रिया तपासायच्या राहून जातात, ही त्या काळच्या कामाची कायमची उणीव राहिली. हा धागा आपल्याला हिंगोलीत पुन्हा भेटणार आहे.

क्रमात शिक्षण उपचाराच्या आधी ठेवले होते, आणि ते मुद्दाम. रुग्णाला 'तुला कुष्ठरोग आहे' एवढे सांगून गोळ्या हातात दिल्या तर तो गोळ्या घेऊन पळून जाईल, नाहीतर घरचेच त्याला पळवून लावतील. म्हणून आधी सांगायचे : हा जंतूचा आजार आहे, पूर्वजन्मीचे पाप नव्हे. हान्सेन नावाच्या नॉर्वेच्या डॉक्टरने १८७३ मध्ये तो जंतू शोधला. आनुवंशिक नाही. बहुतेकांच्या अंगात त्याला तोंड देण्याची ताकद असते. घरात राहून बरा होतो. हे रुग्णाला सांगायचे, त्याच्या बायकोला सांगायचे, सासऱ्याला सांगायचे, मग सरपंच, मास्तर आणि न्हावी यांना. न्हावी यादीत असायलाच हवा. त्याने दाढी करायला नकार दिला की बाकी गावाला वेगळे सांगावे लागत नाही.

प्रचाराची साधने काळाप्रमाणे बदलत गेली. चित्रफिती, पडद्यावरच्या स्लाइडी, भित्तिचित्रे, कलापथके, पोवाडे. या सगळ्यात एक फसगत होती आणि ती कळायला कुष्ठरोगाच्या क्षेत्राला बरीच वर्षे लागली. पोस्टरवर झडलेली बोटे, बसलेले नाक, वाकडे पाय दाखवायचे. लोकांनी घाबरून लवकर यावे हा हेतू. लोक घाबरले, आले मात्र नाहीत. पाठीवर एखादाच फिकट डाग असलेला तरुण ते चित्र पाहून म्हणे, हा माझा आजार नव्हे, माझी बोटे तर धड आहेत. आणि गावाने त्या चित्रातून एवढेच घेतले की हा आजार म्हणजे विद्रूपता. सदिच्छेने काढलेल्या चित्राने कलंक आणखी घट्ट केला. मग पोस्टरवर साधा चट्टा आला, बरा होऊन कामाला लागलेला माणूस आला. आरोग्यशिक्षण हे गाणी आणि फलकांच्या पलीकडचे, लोक काय ऐकतात हे आधी तपासण्याचे शास्त्र आहे, हे वर्ध्याच्या संस्थेने लावून धरले आणि त्यासाठी आरोग्यशिक्षक घडवण्याचे प्रशिक्षण सुरू केले. आज एड्स असो, क्षय असो, मानसिक आजार असो, भीती घालून प्रचार करणाऱ्या प्रत्येकाने हा धडा वाचावा. बहुतेक जण वाचत नाहीत.

१९५५ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला तो याच पद्धतीवर. संस्था तिथूनच हळूहळू दिसेनाशी झाली असे म्हणायला हरकत नाही, कारण तिचे काम आता देशाचे काम झाले होते. सायकल आणि रजिस्टर घेऊन फिरणारा सरकारी कुष्ठतंत्रज्ञ पुढची चाळीस-पन्नास वर्षे महाराष्ट्राच्या खेड्यांत ओळखीचा झाला. दर आठवड्याला, पंधरवड्याला ठरलेल्या झाडाखाली, ठरलेल्या नाक्यावर गोळ्या वाटणे सुरू राहिले.

त्यातली एक अडचण सांगितली पाहिजे. कुष्ठतंत्रज्ञाची सायकल एखाद्या दारात उभी दिसली की गाव ओळखे. ज्या घराला लपायचे असे त्याला सायकलच उघडे पाडी. रुग्णाला गावात ठेवण्यासाठी निघालेल्या माणसाचे येणेच कधी कधी त्याला गावापासून तोडत असे. अनेक रुग्ण शेजारच्या गावातल्या गोळ्यांच्या ठिकाणी जाऊन नाव नोंदवीत, म्हणजे आपल्या गावाला कळायला नको. कागदावर हे गैरहजर रुग्ण. प्रत्यक्षात ते औषध घेत होते, फक्त परगावी.

डॅप्सोनच्या मर्यादाही दिसू लागल्या. वर्षानुवर्षे, काहींना जन्मभर गोळी घ्यायची, मग मध्येच सोडून दिली जाई. जंतू औषधाला दाद देईनासे झाले. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन अशी एकत्रित बहुविध औषधोपचार पद्धती सुचवली. देशात ती सर्वांत आधी ज्या जिल्ह्यांत राबवली गेली त्यात वर्धा होता. तीस वर्षे घरोघर जाऊन नोंदी ठेवलेला जिल्हा नव्या औषधाच्या परीक्षेला तयार सापडला. यादीच नसती तर गोळ्या कुणाला द्यायच्या? १९८३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नावात नियंत्रणाच्या जागी निर्मूलन आले. उपचार पुढे सहा महिने किंवा एक वर्ष एवढ्यावर आला, औषधे मोफत. क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते, आणि त्या काळवंडण्यावरून लोक ओळखतील म्हणून गोळ्या सोडणारे निघाले. पुन्हा तेच : औषध गुणकारी, पण लोकांच्या नजरेपुढे त्याचा इलाज नाही.

१९८६ पासून संस्थेने आंतरराष्ट्रीय गांधी पुरस्कार देण्यास सुरुवात केली. मान मोठा आहे, पण संस्थेच्या इतिहासात मी त्याला एका ओळीपेक्षा अधिक जागा देणार नाही.

आकडे झपाट्याने खाली आले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दहा हजार लोकसंख्येमागे पन्नासहून अधिक नोंदलेले रुग्ण होते. डिसेंबर २००५ मध्ये देशाने दहा हजारांमागे एकाहून कमी हे उद्दिष्ट गाठले आणि कुष्ठरोगाचे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उच्चाटन झाल्याची घोषणा झाली. वर्तमानपत्रांनी 'कुष्ठरोग संपला' असे छापले, लोकांनी तसे वाचले. कुष्ठरोगाचे वेगळे कर्मचारी सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळले. यात चांगले हे झाले की प्राथमिक आरोग्य केंद्रात कुणी कशासाठी आले हे आता गावाला कळत नाही, सायकलची अडचण मिटली. वाईट हे की शोधणारे डोळे कमी झाले. ज्या नव्या डॉक्टरने शिकताना एकही बधिर चट्टा पाहिला नाही तो त्याला गजकर्णाचे मलम देतो. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांतले निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात. तेव्हा २०१६ पासून पुन्हा घरोघर शोधमोहिमा सुरू कराव्या लागल्या. वर्देकरांची पद्धत नव्या नावाने परत आली.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. म्हणजे जिल्हा म्हणून आपण या इतिहासात आलो ते शेवटच्या अंकात. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत, औंढा नागनाथ हे पाच तालुके, कळमनुरीच्या बाजूला आंध आदिवासींची गावे, जागोजागी बंजारा तांडे. इथे मोहिमेच्या दिवसांत आशाताई आणि एक पुरुष स्वयंसेवक अशी जोडी घरोघर जाते. बाईला बाई तपासते, पुरुषाला पुरुष. पन्नासच्या दशकातली ती कायमची उणीव भरून निघाली ती या जोडीने. शिवाय आशाताई गावचीच. तिने दारात येण्याला कुणी कुष्ठरोगाशी जोडत नाही, कारण ती गरोदर बाईसाठीही येते, लसीसाठीही येते.

मोहिमेतली अडचण कागदावर दिसत नाही अशी आहे. चट्टा पाहायला सूर्यप्रकाश हवा. सोयाबीन काढणीला, कापूस वेचणीला लोक दिवस उगवायला रानात जातात आणि दिवे लागल्यावर परततात. लोक घरी असतात तेव्हा उजेड नसतो, उजेड असतो तेव्हा घरात म्हातारी आणि लेकरे. 'घर तपासले' अशी खूण दारावर उमटते आणि घरातला कर्ता माणूस तपासायचा राहतो. अनुभवी आशाताई पहाटेच निघतात, नाहीतर सरळ रानात जातात.

३० जानेवारीला, गांधीजींच्या पुण्यतिथीला, कुष्ठरोगविरोधी दिन असतो. २०१७ पासून त्याला जोडून 'स्पर्श' नावाचे जनजागृती अभियान गावोगाव होते. ग्रामसभेत जिल्हाधिकाऱ्यांचा संदेश वाचला जातो, सरपंच आवाहन करतात, भेदभाव करणार नाही अशी शपथ घेतली जाते, बऱ्या झालेल्या माणसाचा सत्कार होतो. गावातलीच एखादी मुलगी 'सपना' होऊन लोकांशी बोलते. संदेश आणि शपथ यांचा किती परिणाम होतो याविषयी मी साशंक आहे, एका सुरात म्हटलेली शपथ मांडवाबाहेर फार लांब जात नाही. सपनाची कल्पना मात्र मला पटते. चेहरा ओळखीचा असतो, बोली आपली असते, आणि ज्या मुलीने चट्ट्याची माहिती पाठ केली ती घरी जाऊन आजीची पाठ पाहतेच. नामदेवांच्या नर्सीच्या या मुलखात कीर्तनाला बसलेला माणूस तास दीड तास हलत नाही. त्या बैठकीचा उपयोग आपण याहून जास्त करायला हवा होता.

रोग बरा झाल्यावर जे उरते त्याविषयी मोहिमा कमी बोलतात. जंतू मरतात, गेलेली जाणीव परत येतेच असे नाही. वसमतकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद शिजते. कढईच्या काठाला, वाफेला, तापल्या पत्र्याला बधिर हात लागला तर चटका कळत नाही, फोड आल्यावर दिसतो. काट्यावर पडलेला बधिर पाय तसाच चालत राहतो. कुष्ठरोगाने बोटे झडतात असे म्हणतात ते यामुळे : आजार जाणीव नेतो, बोटे नेतात न कळलेल्या जखमा. त्यावरचा इलाज रोजचा आणि कंटाळवाणा. संध्याकाळी हातपाय पाण्यात भिजवायचे, घट्टे खरखरीत दगडाने घासायचे, ओल्या कातडीवर तेल चोळायचे, तळवे डोळ्यांनी पाहायचे, मऊ रबराची एमसीआर चप्पल घरातसुद्धा घालायची, गरम भांडे फडक्याने धरायचे. डोळा मिटत नसेल तर झोपताना कापड बांधायचे. हे रोज करणारी, किंवा करायला लावणारी, बहुतेक घरांत बायको असते, सून असते, कधी बारा वर्षांची नात. त्यांच्यासाठी शपथ नाही आणि सत्कारही नाही. रुग्णाचा सत्कार करताना मांडवात तिलाही खुर्ची द्यावी, एवढे तरी आपल्या ग्रामसभांना जमण्यासारखे आहे.

कायदा या बाबतीत समाजाच्या थोडा पुढे गेला आहे. १८९८ चा तो कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. २०१९ मध्ये कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून वैयक्तिक कायद्यांतून काढून टाकले गेले. म्हणजे तोवर, पूर्ण बऱ्या होणाऱ्या आजारासाठी, नवरा कोर्टात जाऊन बायको सोडू शकत होता. १९९५ च्या कायद्यात कुष्ठमुक्त व्यक्तीचा समावेश होता, त्याच्या जागी आलेल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही आहे, आणि तिथे दिसणारी विकृती नसली तरी हातापायांची गेलेली जाणीव धरली आहे. हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते. बोटे शाबूत दिसतात म्हणून दिव्यांग प्रमाणपत्रासाठी न गेलेली माणसे गावोगाव असतील. डिसेंबर २०२२ पासून राज्यात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे, ग्रामपंचायतींना दिव्यांगांसाठी पाच टक्के निधी राखून ठेवायचा असतो. शोधमोहिमेची यादी आणि या निधीची यादी एका टेबलावर आली तर पुष्कळ कामे होतील.

अलीकडे रुग्णाच्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांना प्रतिबंधक म्हणून रिफाम्पिसिनची एक मात्रा देतात. शेजाऱ्याला गोळी द्यायची तर कशाची ते सांगावे लागते, आणि सांगितले की रुग्ण कोण हे उघड होते. म्हणून आधी रुग्णाची संमती घ्यायची. रुग्ण नाही म्हणाला तर? ज्या गावात आधीपासून बोलणे झालेले असते तिथे तो हो म्हणतो. शिक्षण उपचाराच्या आधी का, याचे उत्तर इथेही तेच निघते.

आणि एक गोष्ट तारखांची. आपल्या सेनगाव, कळमनुरी, औंढ्याकडची कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. स्पर्श अभियानाचा पंधरवडा ३० जानेवारी ते १३ फेब्रुवारी. तेव्हा तांड्यावर कुलपे असतात आणि माणसे पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर कर्नाटकात, कारखान्याच्या आवारातल्या कोपींमध्ये. राष्ट्रीय दिवस हलवता येणार नाही, तो असू द्यावा. पण वर्ध्याच्या कार्यकर्त्यांनी लोक जिथे आहेत तिथे जायचे हा जो नियम घातला, तो धरून जिल्ह्याने एक फेरी दसऱ्याच्या आधी आणि एक पाडव्यानंतर उन्हाळ्यात, पेरणीच्या आत, घ्यावी. उपचार चालू असलेल्यांना निघताना पुरेशा गोळ्यांच्या पट्ट्या आणि कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रासाठी चिठ्ठी द्यावी. मुकादमाच्या यादीवरून टोळी कुठल्या कारखान्याला गेली हे कळते, आणि ती यादी दसऱ्यापूर्वी तांड्यावरच मिळते.